राण्यांची सत्ता: नावापुरती की खरी?

प्रश्न: मध्ययुगीन इस्लामी घराण्यांतील स्त्रियांनी चालवलेला राज्यकारभार अधिकृत मानला जात असे, की तो पतीच्या किंवा मुलाच्या आडूनच चालत असे?

पहिले उत्तर: शुक्रवारच्या खुत्ब्यात (सामूहिक नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) आणि नाण्यांवर नाव असणे, ही सार्वभौमत्वाची दोन ठळक चिन्हे होती. १२५० मध्ये इजिप्तच्या गादीवर आलेल्या शजर अल-दुर्रला ती दोन्ही लाभली; तरीही नाण्यांवर तिची ओळख ‘खलीलची माता’ अशी दिली गेली, आणि हा खलील तर आधीच वारला होता! अवघ्या तीनेक महिन्यांत तिला सेनापती ऐबकशी विवाह करून गादी सोडावी लागली.

दुसरे उत्तर: येमेनच्या सुलैही घराण्याची राणी अरवा हे अधिक भक्कम उदाहरण वाटते. आजारी पतीने कारभार सोपवल्यावर तिने राजधानी सनाहून जिब्लाला नेली आणि पतीच्या निधनानंतरही ११३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सत्ता राखली.

प्रश्नकर्ता: मग इजिप्तच्या फातिमी घराण्यातील सित्त अल-मुल्कचे काय?

पहिले उत्तरदाते: १०२१ मध्ये तिचा भाऊ, खलिफा अल-हाकिम बेपत्ता झाल्यावर तिनेच भाच्याला गादीवर बसवून राज्य सावरले, खुत्बा मात्र भाच्याच्या नावाचा होता.