फिकट तारा रोखून बघितला की गायब, बाजूला बघितलं की दिसतो, असं का?

अंधारवेडा:
सगळे दिवे बंद करून आकाशाकडे बघितलं की आधी मोजकेच तारे दिसतात मग बसून राहिलं की वाढत जातात, डोळे सरावतात एवढं माहितीये. पण एखादा अगदी फिकट तारा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि नीट बघायला नजर त्याच्यावर नेली की जातो, नजर हलवली की परत हजर. दोन्ही डोळ्यांचं सेम. हा दोष आहे का? आणि सरावायला एवढा वेळ का लागतो, बाहुली तर लगेच मोठी होते ना?

नेत्रपल्लवी:
दोष अजिबात नाही, सगळ्यांनाच होतं.
डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी साधारण ६० लाख, त्यांना भरपूर उजेड लागतो, रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे कळतात. दंडपेशी जवळजवळ १२ कोटी, त्या अगदी थोडक्या उजेडात चालतात पण रंग कळत नाहीत. आता आपण जे रोखून बघतो त्याची प्रतिमा पडद्याच्या मधोमध एका छोट्या खळग्यात पडते आणि तिथे दंडपेशी नाहीतच, नुसते शंकू ठासून भरलेत. फिकट ताऱ्याचा उजेड शंकूंना पुरत नाही म्हणून तो जातो. मध्यापासून साधारण २० अंशांवर दंडपेशी सगळ्यात दाट, म्हणून तिरकं बघितलं की दिसतो.
बाहुलीचं म्हणाल तर ती २ मिमीवरून फार तर ८ मिमी होते, म्हणजे उजेड १६ पट जास्त आत येतो, बस. भर दुपार आणि चांदण्यांची रात्र यात कोट्यवधी पटींचा फरक असतो, त्यापुढे १६ पट काहीच नाही. खरी मदार दंडपेशींतल्या ऱ्होडॉप्सिन या उजेड टिपणाऱ्या रंगद्रव्यावर. उजेडात ते मोडतं आणि काळोखात परत तयार व्हायला वेळ घेतं. पहिली ८-१० मिनिटं शंकू सुधारतात मग तिथेच थांबतात, त्यानंतर दंडपेशी पुढे जातात आणि पूर्ण सरावायला अर्धा तास तरी जातो.

दुर्बीणवाला:
आणि त्या अर्ध्या तासात कृपया मोबाईल बघू नका!! एकदा पांढरा स्क्रीन डोळ्यावर आला की बरीचशी मेहनत पाण्यात. आम्ही निरीक्षणाला लाल टॉर्च वापरतो, तोही मंद, कारण गडद लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही, नकाशा वाचता येतो आणि डोळे सरावलेलेच राहतात. नकाशा एकाच डोळ्याने वाचा, दुसरा मिटून ठेवा, तो अजून चांगला राहतो.

अंधारवेडा:
वा, धन्यवाद! मग संध्याकाळी लाल फूल काळपट दिसतं आणि पानं मात्र उजळ वाटतात तेही यामुळेच का?

नेत्रपल्लवी:
हो अगदी. उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला सगळ्यात तल्लख असतो, दंडपेशी ५०० च्या आसपास, निळसर हिरव्याकडे. दिवस मावळताना कामाची सूत्रं शंकूंकडून दंडपेशींकडे जातात तेव्हा लाल आधी मावळतो. १९व्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून या बदलाला त्याचंच नाव आहे. लालभडक फुलाजवळ सूर्यास्तानंतर शांत बसून बघा, पाकळ्या काळ्या होत जातात आणि शेजारचं पान अजून स्पष्ट असतं. फार सुंदर असतं ते.

साधा_चष्मा:
एक गोष्ट राहिली, वर कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. तिरकं बघून तारा दिसतोय तर काळजी नाही, पण अर्धा तास अंधारात राहूनही बाकीच्यांना दिसतंय ते आपल्याला दिसत नसेल, संधिप्रकाशात ठेचा लागत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाच. रातांधळेपणा अ जीवनसत्त्व कमी पडल्याने होऊ शकतो कारण ऱ्होडॉप्सिन त्यापासूनच बनतं, आणि तो बरा होतो. पडद्याचे काही आनुवंशिक आजारही असेच सुरू होतात. वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, भिंग पिवळसर होतं, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना जिन्यात जास्त उजेड लागतो, तो त्यांनी मागायची वाट बघू नका.