डॉक्सीसायक्लिन रात्री घेत असाल तर हे वाचाच
रात्री डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्यापासून छातीत जळजळतं, ॲसिडिटीची गोळी घेऊनही थांबत नाही, असं तुम्ही लिहिलंय. एक विचारते, कॅप्सूल घेतल्यावर लगेच आडव्या होता का? मी तेच केलं होतं. दोन घोट पाणी आणि सरळ अंथरुणात. तिसऱ्या दिवशी साधं पाणी गिळतानाही छातीच्या मधोमध सुरी फिरल्यासारखं व्हायचं. हे औषध आम्लधर्मी आहे. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळली की आतून व्रण पडतो. म्हणून ती बसून किंवा उभं राहून, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गिळताना दुखत असेल तर पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आणि ती ॲसिडिटीची गोळी! त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम असेल तर ते डॉक्सीसायक्लिनला बांधून ठेवतं, मग हे औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. या गोळ्या आणि डॉक्सीसायक्लिन यांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

उन्हात त्वचा लवकर भाजते, तेव्हा अंग झाकून बाहेर पडा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं, किंवा तीव्र डोकेदुखीसोबत अंधूक दिसणं, यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना गाठा. पाण्यासारखे जुलाब तर कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांना या औषधाचं नाव आवर्जून सांगा.