केसांच्या सीरममधील बाष्पनशील सिलिकोन: काम काय, आणि धोका कितपत?

निशिगंध:
माझ्या केसांच्या सीरमच्या घटकांच्या यादीत पहिलेच नाव ‘सायक्लोपेंटासिलॉक्सेन’ असे आहे, आणि चेहऱ्याच्या प्रायमरवरही तेच नाव दुसऱ्या क्रमांकावर आढळले. युरोपात या घटकावर निर्बंध आले आहेत असे वाचल्यापासून मन साशंक झाले आहे, कारण गेली चार वर्षे मी हे सीरम रोज लावते आणि त्यानंतर बहुतेक वेळा केस सरळ करण्याचे यंत्र फिरवते. हा घटक मुळात कशासाठी घालतात? तो त्वचेतून शरीरात जाऊन साठतो का? आणि हे निर्बंध माणसांच्या आरोग्यासाठी आहेत की पर्यावरणासाठी?

रसायनी:
सौंदर्यप्रसाधनांची सूत्रे बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे प्रत्येकी पाच अणू आलटून पालटून जोडलेले असे हे कडे असते, आणि आमच्या व्यवहारात त्याला ‘डी-५’ म्हणतात. चार जोड्यांचे ते डी-४, सहा जोड्यांचे डी-६. जुन्या वेष्टनांवरील ‘सायक्लोमेथिकोन’ हे अशा कड्यांच्या मिश्रणाचे नाव आहे.

डी-५ हे येथे वाहकाचे काम करते. केसांना चकाकी आणि गुळगुळीतपणा देणारे सिलिकोन इतके दाट असते की ते एकटे लावले तर केस चिकट होऊन बटा पडतील. डी-५मध्ये विरघळवल्यावर मात्र ते प्रत्येक केसावर पातळ पसरते, आणि मग डी-५ उडून जाऊन केवळ तो पातळ थर मागे राहतो. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण पाव आहे, त्यामुळे ते सहज पसरते. शिवाय पाणी किंवा अल्कोहोल उडताना त्वचेतील बरीच उष्णता ओढून घेते व गारवा जाणवतो, तसे डी-५चे होत नाही, कारण तेवढ्याच वजनाच्या पाण्याला बाष्प होण्यासाठी लागणारी उष्णता त्याच्या दहा पटींहून अधिक असते. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार ओलसरपणा न जाणवता काखेत पसरतात, तेही बऱ्याचदा याच गुणामुळे. इतके गुण एकत्र असलेला दुसरा द्रव मला अजून मिळालेला नाही, हे मी मनापासून सांगतो.

एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी: ‘डायमेथिकोन’ या दुसऱ्या सिलिकोनचे नाव दिसले म्हणून घाबरू नये. त्याचे नेहमी वापरले जाणारे दाट प्रकार उडत नाहीत, आणि येथील चर्चा त्यांच्याविषयी नाही.

अरुंधती_व:
सुरक्षिततेचा विचार करताना डी-४ आणि डी-५ यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. डी-४ प्रजननक्षमतेला बाधक असल्याचा संशय असलेल्या पदार्थांच्या वर्गात आहे आणि युरोपीय संघात प्रसाधनांत ते घालण्यास मनाई आहे. डी-५मध्ये ते अशुद्धी म्हणून अत्यल्प प्रमाणात असू शकते, त्यामुळे कच्च्या मालाची शुद्धता महत्त्वाची ठरते.

डी-५ त्वचेवर लावले असता त्यातील एक टक्क्याहून कमी भाग आत शोषला जातो, कारण बहुतांश भाग त्याआधीच हवेत गेलेला असतो. त्यामुळे खरा प्रश्न श्वासाचा आहे. उंदरांना दोन वर्षे डी-५च्या वाफेत ठेवून केलेल्या प्रयोगात, सर्वांत अधिक मात्रेला, माद्यांमध्ये गर्भाशयाच्या गाठी आढळल्या होत्या. मात्र त्या गाठी ज्या प्रक्रियेतून झाल्या ती माणसाला लागू पडते का, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. युरोपीय आयोगाच्या ग्राहक-सुरक्षेसंबंधीच्या वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये अंतिम केलेल्या मतात प्रचलित प्रमाणातील डी-५ सुरक्षित मानले, परंतु केसांचे एरोसोल आणि उन्हापासून संरक्षण देणारे फवारे त्यातून वगळले. हा अपवाद मला फार बोलका वाटतो.

निर्बंध मुख्यतः पर्यावरणासाठी आहेत. धुऊन टाकायच्या प्रसाधनांतील डी-४ व डी-५ सांडपाण्यावाटे जलाशयांत जातात आणि तळातील गाळात दीर्घकाळ टिकतात, म्हणून ३१ जानेवारी २०२० पासून युरोपीय संघात अशा प्रसाधनांत प्रत्येकी ०.१ टक्के ही मर्यादा आली. २०२४ च्या नियमाने ती लावून ठेवायच्या प्रसाधनांनाही लागू केली असून त्यासाठी जून २०२७ ही मुदत आहे. याउलट कॅनडात नेमलेल्या पुनर्विलोकन मंडळाने २०११ मध्ये डी-५ पर्यावरणाला घातक नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही, गाळात गेलेला पदार्थ पुन्हा काढता येत नसल्याने युरोपाची सावधगिरी मला योग्य वाटते.

निशिगंध:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या बाबतीत तापलेल्या यंत्राने श्वासावाटे जाणारे प्रमाण वाढते का?

अरुंधती_व:
होय, निश्चितच. डी-५चा उत्कलनबिंदू सुमारे २१० अंश सेल्सिअस आहे आणि ही यंत्रे जवळपास तितकीच तापतात, म्हणून जे एरवी हळूहळू उडाले असते ते क्षणात बंद खोलीत पसरते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी एका छोट्या घरात हेच मोजले आणि उष्णतेने उत्सर्जन स्पष्टपणे वाढत असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्र वापरायचेच असेल, तर सीरम त्यानंतर, केस निवल्यावर लावावे आणि खिडकी उघडी ठेवावी.

रसायनी:
पर्यायांबद्दल एक सावधानता सांगतो. डी-५ऐवजी आता आयसोडोडेकेन पुष्कळ वापरले जाते, पण ते डी-५पेक्षा कमी तापमानाला पेट घेते. तेव्हा ‘सिलिकोनमुक्त’ हा शब्द वाचून तापलेल्या यंत्राजवळ निर्धास्त होऊ नये. आणि पर्यायी द्रवही उडणाराच असेल, तर खिडकी त्याच्यासाठीही उघडावी लागेल.