शब्दचर्चा: वर्गाचं ‘मृत्युपत्र’, याला दुसरा शब्द सुचवा

संगममाहुली
साताऱ्याजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. दहावीचा निरोप समारंभ जवळ आलाय आणि यंदा मुलांनी हस्तलिखितात दोन नवी सदरं घेतली आहेत. अमेरिकेतल्या हायस्कुलांच्या जुन्या वार्षिकांत शेवटच्या वर्षाची मुलं ‘क्लास प्रॉफेसी’ आणि ‘क्लास विल’ लिहायची, ते मी वर्गात वाचून दाखवलं होतं. पहिल्यात वर्गातला कोण पुढे काय होणार याची गंमत. दुसऱ्यात आपण मागे काय ठेवून चाललो आणि कुणासाठी.

मुलांनी ते लगेच उचललं. एकानं लिहिलंय: ‘खिडकीजवळचा तिसरा बाक, त्यावर कर्कटकानं कोरलेल्या सर्व नावांसह, नववी ब मधल्या माझ्या चुलतभावाला. अट एकच, पावसाळ्यात खिडकी त्यानंच लावायची.’ एका मुलीनं ‘गणिताच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या’ कुणालाच न देता सोबत न्यायचं ठरवलंय, कारण अकरावीलाही गणित आहे. भविष्यात एकजण विट्याच्या मामाबरोबर गलाईला, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्याला, तमिळनाडूत जातो आणि परत येऊन शाळेची घंटा सोन्यानं मढवतो, मग ती चोरीला जाईल म्हणून कुणी वाजवतच नाही आणि शाळा सुटतच नाही. दुसरा पोलीस भरतीत 1600 मीटर धावताना थांबायचं विसरतो आणि थेट कोरेगावात पोचतो.

अडचण मथळ्याची आहे. मुलांनी फळ्यावर ‘दहावी अ चं मृत्युपत्र’ असं लिहिलं. आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी ते पुसायला लावलं. परीक्षेच्या तोंडावर लेकरांनी असला शब्द लिहू नये, असं त्यांचं म्हणणं. मला बाईंचंही कळतं आणि मुलांचंही. तर ‘विल’ला काय म्हणावं? आणि ‘प्रॉफेसी’ला भविष्य, भाकीत की आणखी काही? हस्तलिखित बांधायला जायचंय, दोन्ही मथळे हवेत.

दस्तऐवज
सांगलीत दस्तलेखनाचं काम करतो, म्हणून पहिल्यांदा कायद्याचं. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणारा सज्ञान लागतो, म्हणजे 18 पूर्ण. शिवाय सही आणि दोन साक्षीदार. तुमचा दहावीचा वर्ग मृत्युपत्र करूच शकत नाही. आणि मृत्युपत्राचा अंमल माणूस गेल्यावर सुरू होतो. तुमची मुलं तर चांगली हिंडतीफिरती राहून देणार आहेत. हयातीत, मोबदला न घेता दिलेलं ते बक्षीसपत्र. मथळा ‘दहावी अ चं बक्षीसपत्र’ करा. बाईंचीही हरकत राहणार नाही.

कऱ्हाडकर, सध्या ओहायो
माझी मुलगी इथल्या हायस्कुलात शिकली. तिच्या वेळी हे उरलेलं नव्हतं, पण इथल्या वाचनालयात जुनी वार्षिकं ठेवलेली असतात, त्यात मी हे भरपूर वाचलंय. बहुतेक वेळा भविष्य सांगणारा स्वतः 20-25 वर्षं पुढे गेलेला असतो. कुठेतरी आगगाडीत किंवा सर्कशीत त्याला एकेक वर्गमित्र भेटत जातो. आणि ‘विल’ची सुरुवात खऱ्या विलसारखीच, ‘आम्ही खाली सह्या करणारे, पूर्ण शुद्धीवर असून’ अशी. गंमत सगळी त्या भारदस्त कायदेशीर भाषेत आहे. तेवढ्या थाटानं लिहायचं आणि द्यायचं काय, तर खडूचा तुकडा. त्यामुळे मराठी शब्दही कोर्टकचेरीतलाच हवा. गुळगुळीत शब्द घेतलात तर सदर पडेल.

दस्तऐवज
हे शंभर टक्के पटलं. मग आमच्याकडची भाषा घ्या की! ‘कारणे बक्षीसपत्र लिहून देतो ऐसाजे’ अशी सुरुवात. मग मिळकतीचं वर्णन. मग चतुःसीमा: पूर्वेस भिंत, दक्षिणेस मुलींची रांग, पश्चिमेस कचऱ्याची बादली, उत्तरेस सरांचं टेबल. जुन्या सनदांमध्ये तर ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ असं यायचं. बाकाच्या कप्प्यात जे काय सापडेल ते निधी-निक्षेप. मुलांना दोन जुनी खरेदीखतं वाचायला द्या, एका दुपारीत शिकतील.

शुद्धमती
बक्षीस हा फारसी शब्द आहे. मुलांच्या हातात हस्तलिखित देतोय तर निदान मथळा तरी आपल्या भाषेतला असावा. ‘दायपत्र’ घ्या. दाय म्हणजे वारशानं मिळणारं धन, धर्मशास्त्रातला दायभाग तोच. छोटा शब्द आहे आणि मृत्यूचा उल्लेख नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो याच तळमळीतून. महापौर, दिनांक हेही शब्द कधी नवेच होते, आज कुणाला खटकतात?

माणदेशी
शुद्धमतीताई, राग मानू नका, पण दायपत्र म्हटल्यावर आटपाडी-दहिवडीच्या पोराला दाई आठवंल. आमच्याकडं असल्या कामाला सरळ शब्द हाय: ‘नावावर करनं’. ‘म्हातारीनं रान नातवाच्या नावावर केलं.’ बास! ‘दहावी अ नं काय काय कुणाच्या नावावर केलं’ असा मथळा द्या. पहिलीतल्या पोरालाबी कळंल.

आणि वारसा म्हणाल तर त्योबी अरबीच. वारिस. मग काय वारसदार हा शब्द सातबाऱ्यावरनं काढायचा?

शुद्धमती
वारसा रुळलेला आहे, तो मी काढा म्हणत नाही. रुळलेलं राहू द्यावं, पण नवा मथळा घडवायची संधी असेल तेव्हा आपल्या मुळाकडे जावं, एवढंच म्हणणं. प्रत्येक वेळी ‘पोरांना कळेल का’ हीच कसोटी लावली तर पोरांना नवीन शब्द कळणार तरी कधी?

निवृत्त गावकामगार
सातबाऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. तलाठी म्हणून वाळवा तालुक्यात बरीच वर्षं काढली. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12. सातात हक्क कुणाचा ते, बारात पीक कोणतं ते. त्यानं काही ‘दिलं’ जात नाही. दिल्या-घेतल्याची नोंद होते ती फेरफारात, नमुना 6. मयत खातेदाराच्या वारसांसाठी वेगळी नोंदवही, 6क. मुलांचं सदर हे फेरफार आहे. ‘दहावी अ: फेरफार नोंदी’ असं म्हणा आणि प्रत्येक देण्याला नोंद क्रमांक द्या. खाली ‘हरकत असल्यास 15 दिवसांत कळवावी’ हेही छापा, कारण फेरफाराची नोटीस तशीच निघते. नववीच्या मुलांना हरकत घ्यायलाही मजा येईल.

संगममाहुली
हरकतीची कल्पना मुलांना फार आवडेल! पण काका, शहरातल्या मुलांना फेरफार कळेल का, ही शंका आहे. आणि ‘प्रॉफेसी’चं अजून कुणीच बोललं नाही.

पेवातली हळद
मला आश्चर्य वाटतं की अजून ‘शेलापागोटे’ कुणाला आठवलं नाही. सांगलीला आमच्या शाळेत स्नेहसंमेलनात फिशपाँड हा शब्द मराठीच्या बाई वापरूच द्यायच्या नाहीत. ‘शेलापागोटे’ म्हणायचं. मानाचा शेला आणि मानाचं पागोटं देऊन माणसाचा गौरव करतात, तसा इथे शब्दांनी गौरव, म्हणजे खरं तर थट्टा. चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, सूत्रसंचालकानं वाचायच्या, वर एखादी वस्तू द्यायची. उशिरा येणाऱ्याला गजराचं घड्याळ, बडबडीला कुलूप. देणं आणि थट्टा दोन्ही या एका शब्दात आहेत. नवीन शब्द घडवायची गरजच काय?

कऱ्हाडकर, सध्या ओहायो
हळदकाकू, शब्द सुंदर आहे, पण दिशा वेगळी. शेलापागोट्यात बाकीचे मिळून एकाला देतात. इथे जाणारा राहणाऱ्याला देतो.

पेवातली हळद
दिशेचं मान्य. आणि आता लिहितेच आहे तर मनातलंही लिहिते. आमच्या वेळी या शेलापागोट्यांनी काही मुलींना फार दुखावलं. रंगावरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून. चिठ्ठीवर नाव नसायचं, त्यामुळे विचारणार कुणाला? माझी एक मैत्रीण त्या दिवसानंतर कुठल्याच संमेलनाला आली नाही. म्हणून मॅडम, तुमचं हे सदर मला जास्त आवडलं. इथे प्रत्येकजण स्वतःच्याच वस्तूबद्दल, स्वतःच्याच खोडीबद्दल लिहितो आणि खाली सही करतो. भविष्याच्या सदरात मात्र दुसऱ्याबद्दल लिहायचं असतं, तिथे ज्याचं भविष्य त्याला आधी दाखवून घ्या.

संगममाहुली
हे तर आजच करते. मनापासून आभार.

माणदेशी
भविष्याला आमचा शब्द घ्या. ‘होईक’. धनगरी वालुगात, म्हंजी धनगरांच्या उत्सवात, देवापुढं पुढच्या सालाचं सांगत्यात ती होईक. पाऊस कसा, पीक कसं, महागाई, रोगराई, राजकारन, समदं. ‘दहावी अ ची होईक’! लई झ्याक दिसंल.

दस्तऐवज
आमच्या बाजूला त्यालाच भाकणूक म्हणतात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला सांगली-मिरजेहून लोक जातात. आदमापूरला बाळूमामांच्या देवळातही भाकणूक होते. भाकीत आणि भाकणूक दोन्ही ‘भाकणे’ यातून आलेत, म्हणजे मराठीच्या घरातलेच. पण लोकांच्या श्रद्धेचा शब्द थट्टेच्या सदराला द्यावा का, याचा जरा विचार करा. देवळात हजारोंच्या गर्दीत मी ते शांतपणे ऐकलेलं आहे.

माणदेशी
माझ्या आज्यानं जलमभर होईक ऐकली आनि घरी येऊन तीच भाषा घेऊन पोरांची चेष्टाबी केली. ‘औंदा धाकट्याला शाळा मानवनार न्हाई, मास्तर कडक हाय.’ देव त्येनं रागावला न्हाई. आपलंच मानूस आपल्या भाषेत हसतं त्यात अवमान कसला?

शुद्धमती
‘होरा’ का नको? शुद्ध संस्कृत, अहोरात्र या शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून झालेला. दिवस-रात्रीच्या पोटात दडलेलं ते होरा. ‘माझा होरा खरा ठरला’ असं आपण बोलतोच.

कऱ्हाडकर, सध्या ओहायो
ताई, होरा हा ग्रीकांकडून आलेला शब्द आहे. त्यांचा ‘होरा’ म्हणजे काळ, ऋतू, घटका. इंग्रजीतला ‘अवर’ही त्याच्यापासूनच. ज्योतिषातले बरेच शब्द त्या वाटेनं आले.

शुद्धमती
अहोरात्राची व्युत्पत्ती माझी नाही, वराहमिहिरानं सहाव्या शतकात नोंदवलेली आहे.

कऱ्हाडकर, सध्या ओहायो
त्यानं ‘काहीजण असं मानतात’ म्हणूनच नोंदवली आहे. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाचा त्यानं आदरानं उल्लेख केलाय, हेही सांगायला हवं.

निवृत्त गावकामगार
आमच्या गावात पहाटे भविष्य सांगणारा पिंगळा यायचा, कंदील घेऊन. त्याला कुणी ग्रीक म्हणत नव्हतं. मुलांच्या भविष्याला ‘पिंगळा बोलला’ असं नाव द्या. यात सांगणाराही आला आणि वेळही आली.

शब्दवेडी
उशिरा येतेय. ‘निरवानिरव’ हा शब्द कुणालाच कसा सुचला नाही? निरवणे म्हणजे कुणाच्या हवाली करणे, सांभाळायला सोपवणे. जाण्याआधी सगळी व्यवस्था लावून देणं ती निरवानिरव. ‘दहावी अ ची निरवानिरव’. आपल्या भाषेतला, कोर्टाचा नाही, आणि दिशा अगदी बरोबर: जाणारा राहणाऱ्याला सोपवतो.

पेवातली हळद
शब्दवेडी, आमच्या घरी ‘निरवानिरवीची भाषा’ अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्याच तोंडी यायची. सासूबाई तसं बोलू लागल्या की घरातले रडायला लागायचे. त्या ज्येष्ठ बाई हाही शब्द पुसतील.

शब्दवेडी
काशीला निघालेली माणसंही निरवानिरव करायची. परत येईन न येईन म्हणून, पण निघताना जिवंतच असायची. शब्दाला एकाच खोलीत कोंडायचं कशाला? आणि अशुभाचीच भीती असेल तर आपल्या भाषेत त्याचाही उपाय आहे. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तर ‘वाढवली’, रात्री दुकान बंद केलं तर ‘वाढवलं’. मग दहावी अ नं वर्ग सोडला असं न म्हणता वर्ग ‘वाढवला’ म्हणा. मथळा: ‘वर्ग वाढवताना’.

माणदेशी
ह्ये भारी हाय. ह्येच्यापुढं माझं ‘नावावर’ फिकं पडलं.

दस्तऐवज
भारी आहे, पण त्यात देणं कुठे आलं? नुसतं जाणं आलं. आणि आजच्या मुलाला वाचून वाटेल की वर्गाची पटसंख्या वाढली.

शब्दवेडी
वाटू दे आणि मग विचारू दे. नाही तर दोन पिढ्यांत दुकानं नुसती बंद होतील, वाढवणार कुणीच नाही. भीतीतून आलेली का असेना, ही भाषेची माया आहे. ती मुलांपर्यंत पोचवायला हस्तलिखितासारखी दुसरी जागा नाही.

शुद्धमती
इथे मी शब्दवेडींच्या बाजूनं. आणि या निमित्तानं विचारते, हल्ली शाळा निरोप समारंभाला ‘शुभेच्छा समारंभ’ का म्हणतात? निरोपात अशुभ काय आहे? गणपतीला आपण निरोपच देतो आणि लगेच पुढल्या वर्षी लवकर या म्हणतो.

संगममाहुली
आमच्या पत्रिकेवरही ‘शुभेच्छा समारंभ’च छापलंय. बोलताना सगळे सेंडऑफ म्हणतात. मंडळी, बांधणीवाल्याला मथळे उद्या द्यायचे आहेत, ‘फेरफार’ आणि ‘होईक’ यांवर मुलांचं मत पडतंय. कुणाची ठाम हरकत?

निवृत्त गावकामगार
निरोपाचं सांगतो. आमच्याकडे ‘निरोप आला’ म्हटलं की ती खबर. गावात तार किंवा फोन नव्हता तेव्हा निरोप्या यायचा, आणि तो अवेळी आला तर बायका दारातच थबकायच्या. लोकांना त्या शब्दाची धास्ती बसली ती तिथून, असं माझं मत आहे.

पेवातली हळद
तसं असतं तर ‘निरोप धाडला’ म्हणताना माहेरवाशिणीचा चेहरा का फुलायचा? हरिपूरहून माझ्या आईचा निरोप यायचा तो बहुतेक वेळा ‘पोरांना घेऊन ये’ असाच असायचा. धास्तीचं तुमच्या गावचं असेल, कृष्णेच्या या काठावर तसं नव्हतं.

निवृत्त गावकामगार
वाळवाही कृष्णाकाठीच आहे, ताई.