मस्टर्ड गॅसचे जुने व्रण आणि मुंबईचा घाम – मदत हवी आहे

नमस्कार. मी नर्स आहे, परळला राहते, घरोघरी जाऊन पेशंट बघते. चार महिने झाले, माझगावला एका इराणी गृहस्थांकडे जाते. लेक लग्न होऊन इथे आली, तिच्यामागे हेही आले. वय साठीचं. मी त्यांना बाबा म्हणते.

१९८६ साली इराण-इराक युद्धात, इराकमधल्या फावच्या आघाडीवर त्यांच्यावर मस्टर्ड गॅस पडला. हे कातडी भाजणारं रासायनिक अस्त्र, नाव गॅस पण मुळात तेलकट द्रव. लसणासारखा वास आला, पण काही दुखलं नाही, म्हणून तोंड धुतलं आणि कपडे तसेच ठेवले. रात्री अंग लाल झालं, सकाळी काखेत आणि जांघेत पिवळट पाण्याचे फोड. दमट आणि पातळ कातडीत तो लवकर शिरतो, म्हणून याच जागा.

आज त्या जागा काळ्या पडल्यात, मध्ये पांढरे चट्टे, पोपडे धरलेल्या भिंतीसारखे. हात लावला की कोरड्या कागदासारखं लागतं. बाबा बनियन उलटी घालतात, शिवण टोचते म्हणून. ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्रभर खाजवत बसतात. मला बघवत नाही.

एका ठिकाणी दाखवलं तर खरूज लिहून दिली, घरातल्या सगळ्यांना मलम. तेव्हापासून नातवाला त्यांच्या मांडीवर बसू देत नाहीत. केसपेपरवर युद्धाचं एक अक्षर नाही! दुसऱ्या ठिकाणी स्टेरॉइडचं कडक मलम दिलं, पहिले आठ दिवस बरं वाटलं, आता काखेतली कातडी आणखी पातळ झालीय.

असं कुणी पाहिलंय का? घाम आणि कोरडेपणा दोन्ही एकदम कसे सांभाळायचे? आणि डाव्या काखेत जुन्या व्रणावर दोन महिने एक खपली आहे, निघते आणि परत धरते. काळजी करण्यासारखं आहे का?

चाफा: ताई, मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. आधी खपलीचं. जुन्या व्रणावर दोन महिने न भरणारी जागा थांबवून ठेवू नका, बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्या. बहुतेक वेळा साधं असतं, पण अशा व्रणांत क्वचित कर्करोग निघतो. कडक स्टेरॉइड काखेत आणि जांघेत नको. ते बंद करायचं की कमी करत न्यायचं, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आंघोळ गार पाण्याने, साबण कमी. अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. दिवसा पातळ लोशन, घट्ट मलम रात्री, नाहीतर घाम कोंडतो आणि खाज वाढते. खोकला, दम, डोळ्यांची जळजळ आहे का तेही बघा. मस्टर्डचा त्रास फुप्फुसांत आणि डोळ्यांतही वर्षानुवर्षं राहतो. आणि नातवाला खुशाल मांडीवर बसू द्या. चाळीस वर्षांपूर्वीचा तो द्रव आता अंगावर नाही, या जखमांची लागण होत नाही.

मी: खूप आभार, डॉक्टर. खोकला आहे, आम्ही मुंबईची हवा म्हणून सोडून देत होतो. त्यांच्या लेकीला आत्ताच फोन केला. शुक्रवारची वेळ घेतलीय. साल, जागा, फोड कुठे आले, हे सगळं मी एका कागदावर लिहून केसपेपरला टाचून नेणार आहे. बायोप्सीचं काय होतं ते इथेच कळवते.