१०० वॅटची जुनी दोन पॅनल आणि ३३५ चं एक, व्हॅनच्या टपावर एकत्र जोडता येतील का?

चाकावरचं_बिऱ्हाड
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. सेकंडहँड ट्रॅव्हलर घेऊन घरच्या घरी कॅम्पर केलीय, पलंग ओटा पाण्याची टाकी सगळं झालं, आरटीओचं रामायण परत कधीतरी सांगेन. आता विजेवर गाडी अडलीय. सासऱ्यांच्या मळ्यातल्या खोलीवर १०० वॅटची दोन पॉली पॅनल होती ती काढून आणलीत, आठ-नऊ वर्षं जुनी असतील. आणि भावाच्या ओळखीत एकाने बंगल्यावरची सिस्टीम बदलली त्याच्याकडून ३३५ वॅटचं एक स्वस्तात मिळालं. मागच्या स्टिकरवर असं आहे, लहानाचं व्हीएमपी (काम करतानाचं व्होल्टेज) १८, आयएमपी (तेव्हाचा करंट) ५.५५, व्हीओसी (काही न जोडता येणारं व्होल्टेज) २२. मोठ्याचं व्हीएमपी ३८, आयएमपी ८.८, व्हीओसी ४६. बॅटरी १२ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम, एलएफपी प्रकारची. पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंगचा कंट्रोलर मळ्यातलाच, २० अँपचा पीडब्ल्यूएम. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळे प्लस एकत्र सगळे मायनस एकत्र करा, झालं काम. मला काही ते पटत नाहीये. ५० लिटरचा फ्रीज, दोन पंखे, लाईट आणि माझा लॅपटॉप एवढंच चालवायचंय.

तारेवरची_कसरत
दादा काही होत नाही, प्लसला प्लस म्हणजे पॅरललच ते, मारा बिनधास्त. १००+१००+३३५ = ५३५ वॅट. मी शेतावर तसंच केलंय.

अर्धा_व्होल्ट
थांबा थांबा, पॅरलल मारू नका. आणि वर "लिहितेय" लिहिलंय, दादा नाहीत त्या, ताई आहेत.

ताई, पॅनल जोडताना वॅट बघायचेच नाहीत. पॅरलल करायचं तर व्होल्टेज जुळायला हवं, सीरिज (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला) करायची तर करंट. तुमच्याकडे नुसतं बघितलं तर दोन्ही जुळत नाही. तिन्ही पॅरलल केलीत तर सगळ्यांना लहान पॅनलच्या व्होल्टेजला खाली यावं लागतं, म्हणजे १८ च्या आसपास. तिथे लहान दोघं आपले २०० देतील पण मोठं बिचारं ९ अँप गुणिले १८ म्हणजे १६०-१६५ वॅटवरच अडकेल, निम्मं पॅनल वाया. तिन्ही सीरिजमध्ये टाकलीत तर लहानाच्या साडेपाच अँपवर सगळ्यांचा करंट अडतो, ते पॅरललपेक्षा बरं, पण ४३० च्या वर काही जात नाही.

पण तुमचं नशीब चांगलं आहे. लहान दोन आधी आपसात सीरिज करा, १८ अधिक १८ म्हणजे ३६. मोठ्याचे ३८. आता ही जोडी आणि मोठं पॅनल पॅरलल करा. ३६ आणि ३८ मध्ये जो फरक आहे त्यात जेमतेम दोन-तीन टक्के जातात, तेवढे सोडून द्या. करंट वेगळे असले तरी पॅरललमध्ये त्याचं काही देणंघेणं नसतं, बेरीज होते फक्त.

आता खरी गोम. तो पीडब्ल्यूएम काढून टाका. पीडब्ल्यूएम म्हणजे नुसता स्विच, पॅनलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. तुमचं ३३५ त्याच्यावर ९ अँप गुणिले साडेतेरा एवढंच देईल, म्हणजे १२० वॅट! वर ४६ व्होल्ट त्याला झेपतील की नाही तेही आधी मागे बघा, झेपत नसतील तर जळेल. एमपीपीटी घ्या, १०० व्होल्ट ३० अँपचा, तो पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून बॅटरीला देतो. बाजारात ५००-६०० रुपयात एमपीपीटी छापलेले निळे डबे मिळतात, ते आतून पीडब्ल्यूएमच असतात, उचलून बघा, वजनच नसतं. कागदावर ५३५ भागिले १३.५ केलं तर जवळजवळ ४० अँप होतात आणि तुम्हाला वाटेल ३० कमी पडेल. नाही पडणार, टपावर आडव्या झोपलेल्या धुळकट पॅनलमधून भर दुपारी पाऊण भाग मिळाला तरी खूप. चुकून जास्त आलाच तर कंट्रोलर ३० वर कापतो, बिघडत काही नाही.

गुळाचा_चहा
माझं ऐकाल तर ती जुनी दोन विकून टाका. कुणीतरी गोठ्यावर लावेल. टपावर जागा किती असते हो, दोन जुन्या पॅनलच्या जागेत २०० चं नवं मोनो बसून वर जागा उरते. फुकट मिळालं म्हणून टपावर चढवायचं आणि मग मरेस्तोवर ते वजन फिरवायचं, डिझेल कोण भरणार?

चाकावरचं_बिऱ्हाड
@गुळाचा_चहा पटतंय, पण कंट्रोलरचाच खर्च अंगावर आलाय, नवं पॅनल पुढच्या वर्षी.

@अर्धा_व्होल्ट खूप आभार. काल तिन्ही अंगणात उन्हात ठेवून मल्टिमीटर लावला. मोठं ४३.५ व्होल्ट दाखवतंय. लहान एक २०.६. दुसरं मात्र १०.२!! पाच वेळा बघितलं, १०.२ च. पुसलं, फिरवलं, काही फरक नाही. काचेला तडा वगैरे काही नाही. गेलं का हे?

आप्पा_सोल्डरवाले
बरोब्बर निम्मं आलंय ना, मग पॅनल गेलेलं नाही, बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट नेणारा) शॉर्ट झालाय. १०० वॅटच्या पॅनलात ३६ सेल असतात आणि १८-१८ च्या दोन भागांवर एकेक डायोड. एक डायोड आरपार झाला की तो अर्धा भाग नसल्यासारखाच. वीज पडली आसपास किंवा कधी बॅटरीला उलटं जोडलं गेलं की असं होतं. मागची काळी डबी स्क्रूड्रायव्हरने उघडा, जुनं पॅनल असेल तर आत पोटिंग (ओतून भरलेलं सील) नसतं. आधी पॅनलवर गोधडी टाका, मग डायोड एका बाजूने काढून मीटरच्या डायोड मोडवर तपासा, दोन्हीकडून बीप वाजला की तोच. १०एसक्यू०४५ शॉटकी डायोड मागा, १० अँप ४५ व्होल्टचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयाला. डायोडवरची पट्टी आधी होती त्याच बाजूला ठेवून लावा, उलटा लावलात तर तो भाग परत शॉर्ट.

डायोडच्या जागी डायोड न लावता तसंच मोकळं ठेवायचा मोह होईल, चालतं म्हणून. चालतं, पण सावली पडली की तो सेल तापून मागची शीट जळते. गाडीच्या टपावर नको.

तारेवरची_कसरत
च्यायला, माझ्या शेतावर पण मोठ्यासोबत लहान जोडलंय. आता उद्या मीटर घेऊन जातो.

मेलबर्नचा_मिंधा
आम्ही इकडे कॅराव्हॅनवर हेच उद्योग करतो म्हणून दोन गोष्टी. एक, लहान दोन सीरिजमध्ये गेली म्हणजे आता ती नवरा-बायको झाली, एकावर सावली आली की दुसराही झोपतो. एकाचा अर्धा भाग बायपास झाला की जोडीचे ३६ चे २७ होतात, कंट्रोलर ३८ वाल्याला धरून बसतो आणि जोडीकडून जवळजवळ काहीच येत नाही. त्यामुळे कॅरिअर, अँटेना, व्हेंटचं झाकण ह्यांच्यापासून लांब जी जागा असेल ती लहानांना द्या. मोठं एकटं आहे, त्याच्यात तीन डायोड असतात, ते थोडंफार निभावून नेतं.

दोन, थंडी. पॅनल गार पडलं की व्होल्टेज चढतं, साधारण अंशाला ०.३ टक्के. तुमची जोडणी ४६ ची आहे, हिमाचलात स्पितीला उणे १० ला पहाटे ऊन आलं तरी ५१ च्या आत, मजेत. पण कुणी तिन्ही सीरिज करायच्या विचारात असेल तर ९० चे तिथे सरळ १०० ला टेकतात, आणि १०० चा कंट्रोलर तिथेच राम म्हणतो. नाशकात ते कधी कळणार नाही, तिकडे स्पितीत काझाला कळेल.

अर्धा_व्होल्ट
+१. एक राहिलं, दोनच स्ट्रिंग (सीरिजची जोडी एक, मोठं एक) आहेत म्हणून स्ट्रिंगला वेगळा फ्यूज लागत नाही, पण लहानाच्या स्टिकरवर मॅक्स सीरिज फ्यूज १० किंवा जास्त लिहिलंय ना तेवढं बघा. बॅटरीजवळ मात्र ४० चा फ्यूज हवाच. घरातला एसी एमसीबी पॅनलच्या तारेवर लावू नका, डीसीचाच घ्या. आणि जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलटं.

चाकावरचं_बिऱ्हाड
झालं!! आप्पा, डायोडच होता, एक तर डबीत काळा पडलेला. दोन्ही बदलले, आता २०.५ दाखवतंय. सोल्डरिंग मी केलं, आमच्या ह्यांनी गोधडी धरली.

मोठं पॅनल दोन मीटर लांब निघालं, २२ किलो, चौघांनी वर चढवलं, ॲल्युमिनिअम चॅनलवर बसवलं खाली दोन-अडीच इंच हवा राहील असं. लहान दोन मागे. डीसी क्लॅम्प मीटर शेजाऱ्यांकडून आणला आणि काल साडेबाराला बघितलं, मोठ्याकडून ६.४ अँप, जोडीकडून ३.८, व्होल्टेज ३३.५, आणि बॅटरीत जाताना २४ अँप. जानेवारीतलं तिरपं ऊन धरलं तर वाईट नाही ना? फ्रीज रात्रभर चालून सकाळी बॅटरी ७८ टक्के होती, दुपारी दोनला फुल्ल.

अर्धा_व्होल्ट
वाईट कसलं, झकास आहे. मे महिन्यात परत बघा, ऊन डोक्यावर पण पॅनल सत्तरीला तापलेली, व्होल्टेज तीसपर्यंत उतरेल. घाबरून परत धागा काढू नका.

गुळाचा_चहा
आणि मे महिन्यात गाडी आंब्याखाली लावायची का उन्हात, ह्याच्यावर घरात भांडण होणार ते वेगळंच.

चाकावरचं_बिऱ्हाड
सुरू झालंय ऑलरेडी. ते म्हणतात गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात असं काही नाही का मिळत, १० मीटर वायर टाकून एक जमिनीवर ठेवायचं. मिळतं का?

मेलबर्नचा_मिंधा
मिळतं की, घडीचं पोर्टेबल. पण ते ह्या दोघांत घुसवू नका, त्याला वेगळा छोटा कंट्रोलर द्या आणि तो सरळ बॅटरीला. दोन्ही कंट्रोलरचं चार्जिंग व्होल्टेज सारखंच ठेवा, १४.२ म्हटलं की दोन्हीकडे १४.२. वायर ६ स्क्वेअर एमएमची, आणि रात्री आत उचलून ठेवायची आठवण ठेवा, आमचं एक डाँगरा बीचवरून गेलं.