मुळांवर गाठी, गांडूळखतातून आल्या का? मदत हवी आहे

काळी_माती: तीन वर्षांची बाग. पानं पिवळी, दुपारी झाडं माना टाकतात. एक उकरलं तर पांढऱ्या मुळीवर मण्यांसारख्या गाठी. दुकानदार म्हणाला सूक्ष्म अळी. अळीचं औषध दोनदा सोडलं, फरक शून्य. औंदा गांडूळखत टाकलंय, त्यातून आले का हे किडे? लवकर सांगा.

बांधावरचा: पीक कोणतं? गाठ नखाने खरवडा. सुटून आली आणि आत गुलाबी निघाली तर रायझोबियम, म्हणजे उपयोगी जिवाणू, चांगलंच आहे.

काळी_माती: डाळिंब हो, भगवा वाण. सुटत नाही, मूळच फुगलंय.

बांधावरचा: मग निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी. झेंडू लावा, माझ्या बागेत दोन ओळींत फरक पडला.

जीवशास्त्र_ताई: दादा, गांडुळावर आळ नको. गांडूळ वलयी, अंगावर कडी असतात. सूत्रकृमी गोलकृमींच्या संघातले (संघ म्हणजे प्राण्यांचा मोठा गट): कड्या नाहीत, वर गुळगुळीत कवच, ते चार वेळा टाकून वाढतात. स्नायू फक्त उभे, म्हणून पुढेमागे वळवळ. अळी म्हणजे कीटकाचं पिल्लू, हा वेगळाच संघ. म्हणून अळीचं औषध लागू पडलं नाही.

जुना_बीएस्सी: आमच्या पुस्तकात या संघाचं नाव अ‍ॅस्केलमिंथिस होतं.

ताई: आता निमॅटोडा. त्यातले पूर्वीचे दोन वर्ग, अ‍ॅडेनोफोरिया-सेसर्नेन्टिया, गेले; एनोप्लिया आणि क्रोमाडोरिया आले. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी मेलॉइडोगायनी आणि पोटातला गोल जंत, दोघं क्रोमाडोरियातच.

रमतगमत: मग जंताची गोळी पाण्यात विरघळवून सोडली तर? पोरांना ४०० मिलीग्रॅमची देतात शाळेत.

बांधावरचा: अहो, बागेला पोट आहे का!

जुना_बीएस्सी: २००३ साली अमेरिकेचं कोलंबिया अंतराळयान कोसळलं, त्यातले सूत्रकृमी जिवंत सापडले होते. तुमच्या झेंडूला काय भिणार?

ताई: विषयावर या. गाठ चिरून भिंगाखाली बघा, नाशपतीच्या घाटाची पांढरी मादी दिसेल. ती एकदा मुळात बसली की हलत नाही, बाहेर शेकडो अंडी घालते. झेंडू नव्या पिल्लांना आवर घालतो, आत बसलेलीला नाही. मुळाजवळची माती-मुळ्या पिशवीत भरून, सावलीत ठेवून प्रयोगशाळेत द्या. निंबोळी पेंड चालेल, रासायनिक औषध अहवाल आल्यावर. आणि जखमेतून मर रोग शिरतो, उशीर नको. रोपं कुठली? आधी काय होतं शेतात?

काळी_माती: रोपं नर्सरीची, पिशवीतली. आधी चार वर्षं टोमॅटो. त्याचा काय संबंध?

बांधावरचा: टोमॅटो! त्याच्या मुळांवरही हेच सूत्रकृमी पोसतात. हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना राव.